नऊ फुटांची रिंग

अन्याय झाला तो आमच्या तालुक्याच्या सोळा वर्षांखालच्या संघातल्या अकरा मुलींवर. झाला शनिवारी, सत्काराच्या आदल्या दिवशी, दुपारी सव्वातीन वाजता. त्या वेळी मैदानावर सत्कार समितीचे अध्यक्ष होते, मंडपवाला होता, त्याचा गॅस कटर होता, बास्केटबॉलचा गावातला एकमेव खांब होता आणि त्या मुलींचा सराव घेणारी मी होते.

सत्कार आमच्याच गावच्या खेळाडूचा. ती माझ्या वर्गातली. याच रिंगखाली आम्ही दोघी हवा गेलेल्या बॉलनं खेळायला लागलो. मी कॉलेजच्या संघापाशी थांबले. ती नववीत निवडली गेली, खेळाच्या वसतिगृहात गेली, पुढं राज्याकडून खेळली आणि आता परदेशातल्या एका क्लबकडून पगार घेऊन खेळते. उंची सहा फूट एक इंच. ही उंची वाढत होती तेव्हा एक गृहस्थ पारावर बसून म्हणायचे, "हिला नवरा बघायला जाताना शिडी संग न्यावी लागंल." तेच आता समितीचे अध्यक्ष. तोंड तेच, वर फक्त फेटा आला होता.

मंडपवाला म्हणाला, "खांब अडचणीत यायलाय. बराबर सायबाच्या तोंडावर."

साहेब म्हणजे फ्लेक्सवरचे. वीस फुटी फ्लेक्स, त्यात साहेब पंधरा फूट. खेळाडू खालच्या कोपऱ्यात, आणि छापणाऱ्यानं तिच्या हातात व्हॉलीबॉल दिलेला.

"काढा की," अध्यक्ष म्हणाले. "परवा लावू परत."

मंडपवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "लगेच बसवा मात्र." बस, एवढंच. स्वागताचं पत्रक मीच लिहिलं होतं, त्यात 'मैदानाची कन्या' असा शब्द टाकून मी स्वतःवर फार खूश होते. कन्येच्या मैदानाचं काय होतंय हे बघायला मला सवड नव्हती.

रविवारी ती येडशी स्टेशनावर उतरली. तिथून उघडी जीप, हलगी, फटाके. स्टेजवर हार घेतलेले साहेबांचे हात तिच्या गळ्यापर्यंत पोचेनात. "ताई, वाका की जरा," अध्यक्ष म्हणाले. ती वाकली. "अजून वाका, फोटोत साहेब दिसंनात." ती अजून वाकली. उंच उडी मारून बॉल हिसकावणं हा जिचा धंदा, तिला आम्ही गावात आणून आधी वाकवलं.

माझ्या शेजारच्या आजीनं विचारलं, "खेळायचा पगार देत्यात म्हणं. पण नोकरी कुठं हाय?"

"हीच नोकरी हाय, आजी."

"ते न्हाय वं. पर्मनंट?"

आजींवर माझा राग नाही. त्यांनी निदान विचारलं. स्टेजवरच्या कुणालाही तेवढीसुद्धा उत्सुकता नव्हती. भाषणांत ती तीनदा व्हॉलीबॉलपटू झाली. शेवटी तिला एक मिनिट माइक मिळाला. ती म्हणाली, "रिंग कुठंय? मला सकाळी पोरींबरोबर खेळायचंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्नाला टाळ्या वाजवून मोकळी होणारी सभा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सकाळी पोरी आल्या. तिनं त्यांना उघड्या मैदानावर पास शिकवले आणि दुपारी ती गेली.

परवाचा पंधरवडा झाला, मग खांब बसला. पाडताना त्याचं टोक वाकलं होतं. वेल्डिंगवाल्यानं वाकलेला तुकडा कापून टाकला, उरलेला जोडला आणि वर समितीचं नाव रंगवलं. नाव अगदी सरळ रेषेत आलं.

त्यानंतर पोरींचे बॉल धडाधड रिंगमध्ये पडायला लागले. मी रोज पहाटे त्यांचा सराव घ्यायची. मला वाटलं, हात बसला. सर्वांत चांगला हात संघातल्या एकुलत्या डावखुरीचा. तिच्या घरी वडिलांनी सांगून ठेवलेलं, "वसतिगृहात नंबर लागला तर खेळ, न्हायतर दहावीनंतर बास." म्हणजे काय बास, ते तिला माहीत होतं. आत्यानं स्थळही सुचवून ठेवलं होतं.

वसतिगृहासाठीच्या विभागाच्या निवड चाचणीत आमच्या पोरींचे बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येऊ लागले. एकीचे, दुसरीचे, मग डावखुरीचेही. अकरांपैकी एकही निवडली गेली नाही. परतताना गाडीत मी त्यांना झापलं. घाबरट म्हटलं.

डावखुरी हळूच म्हणाली, "ताई, तिथली रिंग वर व्हती."

"कारणं सांगू नकोस," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी परदेशातल्या त्या मैत्रिणीला फोन करून मी पोरींबद्दल तक्रार केली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची रिंग मोजलीस का?"

सकाळी शिडी लावून मोजली. नऊ फूट. रिंग दहा फुटांवर असते, जगभर. वर चढून टेप धरायला मला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मी दीड महिना काढली नव्हती.

अध्यक्षांकडं गेले. ते चहा बशीत ओतून पीत होते. "एका फुटानं काय होतंय? पोरी हायत, सोपं पडंल त्यास्नी."

एका फुटानं काय होतं ते ह्या माणसाला कळतं. त्याच्या बांधावरून कुणी एक फूट नांगर आत घातला तर तो कोर्टात जातो. त्याच्या फ्लेक्समधला साहेब एक फूट झाकला म्हणून खांब कापतो. फक्त मुलीचं असलं की फूट म्हणजे काहीच नाही. मी तीन अर्ज दिले. तीनही त्यांनी हसून ठेवून घेतले. रिंग आजही नऊ फुटांवर आहे.

डावखुरीच्या वयात अजून एक चाचणी बसते, दिवाळीनंतरची. तिचे वडील तेवढं थांबायला तयार झाले आहेत, तेही मी त्यांच्या अंगणात बसून माझी चूक कबूल केल्यावर. सध्या ती भिंतीवर दहा फुटांवर खडूनं गोल काढून त्यावर बॉल मारते.

तेव्हा हे वाचून हळहळू नका. हळहळ आमच्याकडं भरपूर आहे. टेप घ्या, तुमच्या गावातल्या मैदानावर जा आणि रिंग मोजा. दहा फुटांना इंचभरही कमी भरली तर ती वर जाईपर्यंत तिथून हलू नका. आणि कुणी कटर घेऊन आला, खांब अडचणीत येतोय म्हणाला, तर 'लगेच बसवा' म्हणू नका. नाही म्हणा.