श्रीहरीचा ढीग

मुलांच्या उन्हाळी शिबिरात रविवार म्हणजे आराम. कोणाचा, ते विचारू नये. त्या दिवशी शिट्टी नाही, कवायत नाही. पोरं उन्हं वर येईपर्यंत अंथरुणात लोळणार, तलावात डुंबणार आणि दुपारी आमरस-पुरी हाणणार. स्वयंपाकाच्या बायनाबाईनं मात्र पहाटेपासून आंबे पिळत बसायचं. तरी रविवारची वाट पोरांपेक्षा तीच जास्त बघायची.

कारण रविवारी जेवणं आटोपली की तिला जरा मोकळीक मिळे. मग ती मूल तालुक्याच्या जंगलातल्या त्या शिबिरातून निघून आपल्या गावच्या पायवाटेला लागे, वाटेत एक वाळकी काडी उचले आणि जांभळीच्या वळणावरच्या ढिगात टाकून परत येई.

चार उन्हाळ्यांपूर्वी मोहफुलं वेचताना तिथंच तिच्या नवऱ्याला, श्रीहरीला, वाघानं मारलं. अशा जागेवर येणाऱ्या-जाणाऱ्यानं काडी टाकायची, ही तिच्या गावची रीत. ढीग वाढत वाढत कमरेला लागला होता. सगळ्यात खाली बायनाबाईनं स्वतः ठेवलेला त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा होता. राख नदीत गेली, फोटो होता तो उंदरांनी खाल्ला; राहिला होता तो हा ढीग. आपल्या माणसाला अख्खं गाव जाता-येता आठवतं, एवढंच तिला समाधान. घरात चूल थंड पडली तरी त्या ढिगाला गावात कोणी हात लावत नसे.

शिबिराचे लोकेश सर भला माणूस. त्यांनी एकदा विचारलंही होतं, "रविवारी कुठे जाता, बाई?"

"काम हाय जी," एवढंच ती म्हणाली. पोरांच्या बनियनवर वाघ, टोपीवर वाघ, रोज रात्री गप्पा वाघाच्याच. अशा ठिकाणी आपल्या घरचं मरण काऊन उघडायचं, असं तिला वाटलं.

त्या रविवारी सकाळी सरपण कमी होतं. लोकेश सर पोरांना म्हणाले, "आज आपण बाईंनाही आराम देऊ." पोरांना तेवढंच हवं होतं. सरांसोबत फिरायला गेली ती डोक्यावर मोळ्या घेऊनच परतली. सगळ्यांपुढे प्रणित, घामानं निथळत.

"मावशी, आज तुम्ही लाकडांना जायचं नाही!"

"गुनाचे माये लेकरं," बायनाबाई म्हणाली आणि कोपरापर्यंत रसात बुडालेल्या हातांनीच तिनं त्याची नजर काढली.

लाकूड काय सुरेख पेटलं! फारसा धूर नाही, फू-फू नाही. पुऱ्या टम्म फुगत होत्या, पोरं ताटं वाजवत होती. काड्या चुलीत सारता सारता तिनं शेवटच्या मोळीच्या तळाशी हात घातला आणि हाताला उरलेला एकच दांडा लागला. तेंदूचा, मुठीनं गुळगुळीत झालेला, टोकाशी श्रीहरीनं पाडलेली खाच.

"हे लाकडं कुठून आनली रे बाबू?"

"वळणावरून, जांभळीखालून. कोणीतरी रचूनच ठेवली होती, मावशी. एक काडी सोडली नाही आम्ही! वाटही साफ करून टाकली."

कढईत पुरी होती. ती तिनं उलटली. उलटली नसती तर करपली असती. मग लोकेश सरांना बोलावून तिनं सांगितलं, की तो ढीग कोणाचा होता.

सरांचा चेहरा उतरला. "माफ करा, बाई. आम्ही सगळे मिळून परत रचतो. आत्ता जातो. दुप्पट रचतो."

"नोका रचू जी. ते गावानं टाकलं होतं. तुमी टाकसान तं नुसतं सरपन होईल."

पोरांना शिव्या घालाव्यात, तर पोरांनी तिच्याच कष्टांची कणव केलेली. सरांवर चिडावं, तर तिनंच तोंड उघडलं नव्हतं. आणि काड्या चुलीत सारल्या कोणी? तिनंच. रागवायला माणूस सापडेना आणि राग पोटात मावेना. वाघावरही ती इतकी चिडली नव्हती. वाघानं निदान तिच्या हातानं काही करवून घेतलं नव्हतं.

"मावशी, आज पुऱ्या एकदम भारी!" पंगतीतून कोणीतरी ओरडलं. तिनं वाढल्या.

जेवणं आटोपल्यावर दांडा पदराखाली घेऊन ती निघाली. जांभळीखाली ढिगाएवढी उघडी जमीन पडली होती, तिच्यावर वाळवी सैरावैरा पळत होती. दांडा तिनं मधोमध ठेवला. मग रविवारची काडी शोधू लागली. वळणापासून नाल्यापर्यंत जाऊन आली, झुडपांखाली वाकून बघितलं. पोरांनी वाट खरंच साफ केली होती.

रात्रीच्या भाकरीची वेळ होत आली, तशी ती रिकाम्या हातांनी परत फिरली. हातांना अजून त्या लाकडांच्या धुराचा वास येत होता.