आमच्या कुत्र्याचं जेवण

तेव्हा युद्ध चालू होतं. नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावात मी मिशनच्या शाळेत शिकवत होतो. दिवाळी सरली की धनगर आपली मेंढरं शाळेमागच्या रानात बसवायला आणत. त्या वर्षी त्यांच्या कुत्रीनं पिल्लं घातली होती आणि सगळी बरोबर घेऊन पुढे जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. एका धनगरानं त्यातलं तांबूस रंगाचं एक पिल्लू माझ्या बायकोच्या ओंजळीत ठेवलं. आमची एकुलती मुलगी नगरच्या बोर्डिंगात शिकत होती, घर शांत असे. ‘नको’ म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत बायको पिल्लाला दूध पाजायला आत गेली होती.

त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. मी सुचवलेलं तिला पटेना, तिनं सुचवलेलं मला. तोवर ते माझ्या शिळेला ओ द्यायला शिकलं आणि मग नावाचं काही अडलं नाही.

मी गणित शिकवणारा माणूस. एखादी गोष्ट घडली की तिच्या आधी काय घडलं, हे पाहायची मला खोड आहे. पिल्लानं या खोडीला भरपूर खाद्य पुरवलं. दिवसभर ते काही ना काही करत असे. माझ्या वहाणेचा अंगठा त्यानं खाल्ला, पण बायकोच्या चपलेला कधी तोंड लावलं नाही. असं का, हे मला आजही कळलेलं नाही. दोरी बांधली तर ते दोरी चावून मोकळं होई. जाड दोरी आणली तर ओरडून शाळा बंद पाडी. शेवटी मी त्याला पहाटे ओढ्यापर्यंत पळवून आणायला लागलो. पळून आलं की ते दुपारपर्यंत गप्प पडे. ज्या दिवशी माझा आळस, त्या दिवशी घरात काहीतरी फुटलेलं, हा हिशेब महिनाभर मी तपासून पाहिला. तो चुकला नाही.

थोडं मोठं झाल्यावर त्याच्या अंगातलं धनगराचं रक्त दिसायला लागलं. आमच्या बांधाला लागून एका मराठा शेतकरणीची वस्ती होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आणि सून हाताशी, जमीन मात्र ती स्वतः बघायची. सगळं गाव तिला आत्या म्हणे, आम्हीही. तिची शेरडं बांधावर चरायला आली की आमचं कुत्रं त्यांना हाकून एका कोपऱ्यात गोळा करी आणि समोर बसून राही. चावत नसे, पण एकालाही हलू देत नसे.

आत्यानं एकदा मला हाक मारून दाखवलं. ‘मास्तर, शेरडं सकाळधरनं उपाशी हायती. राखन चांगली हाय, पर त्येला म्हनावं, मधी चरू पन दे.’

मी त्याला असल्या वेळीही शिळेवर परत यायला शिकवलं. दर वेळी आलं की भाकरीचा तुकडा. शेरडं सोडून ते तुकड्यासाठी येऊ लागलं आणि आत्याची तक्रार मिटली.

खरी पंचाईत जेवणाची होती. आम्ही ख्रिस्ती, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करणारे. आम्ही डोळे मिटतो हे कुत्र्यानं दोनच दिवसांत हेरलं. प्रार्थना संपेपर्यंत माझ्या ताटातली भाकरी दारापलीकडे गेलेली असे. म्हणून मी डाव्या हातानं त्याची मान धरून प्रार्थना करू लागलो. एका हातानं केलेली प्रार्थना चालते का, यावर आमचं नवरा-बायकोचं थोडं बोलणंही झालं. पण उपाय लागू पडला. महिन्याभरात मान धरायचीही गरज उरली नाही. त्याची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, ताटली त्याच्यापुढे ठेवलेली, तीत भाकरी कुस्करलेली, आणि ते तोंडातून लाळ गळत असतानाही ‘आमेन’ होईपर्यंत बसून राही. आमच्याकडे येणाऱ्या पाद्रीसाहेबांनी हे पाहिलं आणि ते इतके खूश झाले, की पुढच्या गावच्या उपदेशात त्यांनी त्याचा दाखला दिला. मलाही अभिमान वाटला.

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या बायकोच्या पोटात गाठ असल्याचं लक्षात आलं. नगरला जाऊन दाखवणं भाग होतं. दोन रात्री तरी राहावं लागणार होतं. मोटारीत कुत्रं घेत नसत आणि घराला राखण हवीच होती. आम्ही आत्याला विचारलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे आजोबा ख्रिस्ती झाले, त्याआधी आमचं घर गावकुसाबाहेरचं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. आत्या आमच्याशी तासन् तास बोले, माझ्या बायकोला ताप आला तेव्हा तीन वेळा चौकशीला आली, पण आमच्या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नाही. आम्ही कधी विचारलंही नाही. तशी रीतच होती आणि दोन्हीकडून ती पाळली जायची.

‘येक कुत्रं जेवू घालायचं, त्यात काय येवढं,’ ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की भाकरी कुस्करून ताटलीत घालायची आणि ‘आमेन’ म्हणायचं, त्याशिवाय ते खाणार नाही. तिनं त्या शब्दाचा अर्थ विचारला. ‘तसंच होवो,’ असा अर्थ आहे, असं मी म्हटलं. ‘मग वंगाळ काय त्यात,’ म्हणून तिनं दोनदा म्हणून पाहिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मोटारीतून उतरलो. डॉक्टरांनी गाठ काढायला सांगितली होती, धोका नाही म्हणाले, पण पंधरा दिवसांत परत येऊन बरेच दिवस दवाखान्यात राहावं लागणार होतं. घराशी आलो तर कुत्रं धावत आलं नाही, चालत आलं. बरगड्या मोजता आल्या असत्या. ओट्यावर ताटली होती, तीत वाळलेली भाकरी, तिला मुंग्या लागलेल्या.

आत्या बांधावर उभी होती. पुढे आली नाही.

‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘तुमचा शबूद म्या म्हनला. येकदा न्हाई, धा बारा येळा म्हनला. हळू म्हनला, वरडून म्हनला. सारी आळी हसली. आत्या बाटली, आता रविवारी मिशनात जानार, म्हनाली. सून दोन दिस माझ्याशी बोलंना. आन ह्यो भाकरीकडं बघतोय, माझ्या तोंडाकडं बघतोय, आन बसून ऱ्हातोय.’

मी काही बोलायच्या आत तिनं मनातलं बोलून टाकलं. ‘आमी तुमच्या घरचं पानी घेत न्हाई. त्येचं उट्टं काढलं व्हय तुमच्या कुत्र्यानं?’

ताटलीतल्या भाकरीच्या मुंग्या झटकल्या आणि आम्ही घाईघाईनं ओट्यावरच जेवायला बसलो. प्रार्थना केली, आमेन म्हटलं. कुत्र्यानं ताटली चाटून पुसून साफ केली. आत्या बांधावरून सगळं बघत होती.

‘बगा,’ ती म्हणाली. ‘शबूद त्योच, भाकरी तीच. फरक फकस्त हाताचा.’

तिचा हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणता येईना. दोन गोष्टी सारख्या असतील आणि उत्तर वेगळं येत असेल, तर जी तिसरी वेगळी आहे तिच्याकडेच बोट दाखवावं लागतं. मी तिला एवढंच म्हणालो की कुत्र्याला जात कळत नाही, आणखी कुठला तरी फरक असला पाहिजे. ‘आसंल तर शोदा,’ म्हणून ती घरात गेली.

त्या रात्री बायकोनं मला स्पष्ट सांगितलं. तिच्या भावाचं कर्जतला शेत होतं. त्यानं मागेच कुत्रं मागितलं होतं. तिथे ते दिवसभर साखळीला राहिलं असतं आणि एकदा गेलेलं परत आलं नसतं. ‘तिकडे पाठवायचं असेल तर मी दवाखान्यात जात नाही,’ ती म्हणाली. ‘गाठ काही पळून जात नाही.’ ती हट्टी बाई नव्हे, म्हणून मला जास्त भीती वाटली. पंधरा दिवसांत मला तो फरक सापडायला हवा होता.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलायचं ठरवलं. पहिल्यांदा प्रार्थना नेहमीची केली आणि आमेन मनातल्या मनात म्हटलं. कुत्रं जेवलं. मला धक्काच बसला. दुसऱ्या वेळी प्रार्थनेच्या जागी तेराचा पाढा म्हटला. तरी जेवलं. बायको रागावली, प्रार्थना हा खेळ नाही म्हणाली. मी तिची माफी मागितली, पण शब्दाचा काही संबंध नाही हे पक्कं झालं.

‘आता पाद्रीसाहेबांना काय सांगणार?’ तिनं विचारलं. ते नंतर बघू, म्हणालो.

मग डोळे उघडे ठेवून पाहिलं, पाट बदलून पाहिला, तिच्या हातानं ताटली ठेवून पाहिली. प्रत्येक वेळी ते जेवत होतं. फरक सापडत नव्हता आणि दिवस जात होते.

सापडला तो आमटीत मीठ घालायचं राहिल्यामुळे. प्रार्थना झाली, मी घास मोडला, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, थांबा, मीठ नाही. मी हातात घास घेऊन थांबलो. आमेन केव्हाच होऊन गेलं होतं. पाहतो तर कुत्रंही थांबलेलं. त्याची नजर माझ्या हातावर होती. मीठ आलं, मी घास तोंडात घातला, आणि त्याची मान ताटलीत गेली.

पुढच्या जेवणाला मी घास ओठांपर्यंत नेऊन परत खाली आणला. कुत्रं अर्धं उठलं आणि पुन्हा बसलं. बायकोनं घास खाल्ला तेव्हा मात्र लगेच जेवलं. म्हणजे मीच हवा असं नव्हतं. समोर कोणीतरी जेवायला लागलं पाहिजे, एवढंच.

असं का, हे विचार केल्यावर उलगडलं. प्रार्थनेच्या वेळी मी डाव्या हातानं त्याची मान धरत असे. पण आमेन म्हटल्याबरोबर कुठे सोडत होतो? आधी उजव्या हातानं घास तोंडात घालायचा, तो पोटात सुरक्षित गेला की मग मान सोडायची, नाहीतर ते माझ्याच ताटावर पडायचं. मी त्याला प्रार्थना शिकवतोय असं समजत होतो. ते माझा हात शिकत होतं.

हे आत्याला सांगणं सोपं नव्हतं. मी बांधावर गेलो आणि सगळं क्रमानं सांगितलं, पाढ्याचं आणि मिठाचंही. पाढ्यापाशी ती हसली. मग हसायची थांबली, कारण पुढचं तिला माझ्याआधी कळलं.

‘म्हंजी म्या तुमच्या ओट्यावर बसून जेवायचं,’ ती म्हणाली.

मी म्हणालो, कुत्रं तिच्या अंगणात आणता येईल. ती म्हणाली, शेरडं आहेत, सून उभं करणार नाही, आणि तुमच्या घराची राखण कोण करील. हे खरं होतं. आग्रह करण्याचा मला हक्क नव्हता. ज्या बाईला एका शब्दापायी एवढं ऐकून घ्यावं लागलं, तिला आता उघड्यावर, दिवसाउजेडी आमच्या ओट्यावर जेवायला कसं सांगणार?

तिनं बांधावर चढलेलं एक शेरडू मागे हाकललं.

‘भाकरी माझी, पानी माझं,’ ती म्हणाली. ‘वटा तेवढा तुमचा.’

‘चालेल,’ मी म्हणालो.

‘तुमाला चालंल हो. मला इचारा.’ पण ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडक्यात भाकरी आणि हातात आपला तांब्या घेऊन आली. आम्ही दोघं मुद्दाम आत थांबलो, दाराच्या फटीतून बघत. तिनं पदर पुढे ओढला, रस्त्याकडे पाठ केली, आणि ताटली कुत्र्यापुढे सरकवली. रस्त्यावरून जाणारं कोणीतरी थांबलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. भाकरी मोडली आणि घास तोंडात घातला. कुत्रं खायला लागलं.

‘आगं बया,’ ती एवढंच म्हणाली, आणि दुसरा घास तिनं जरा मोठा घेतला.

आम्ही नगरला गेलो. गाठ निघाली. बायको अशक्त झाली, पण तिच्या तोंडी रोज एकच प्रश्न असायचा, आणि गावाकडून येणारा-जाणारा कोणी भेटला की त्याच्याकडून उत्तर मिळायचं, की आत्या रोज तुमच्या ओट्यावर जेवते. सून काय म्हणते, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. पाद्रीसाहेब दवाखान्यात भेटायला आले तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, दाखला त्यांनी तोवर आणखी चार गावांत दिला आहे, आता तो परत कसा घ्यायचा ते मीच सांगावं.

आम्ही घरी आलो तेव्हा कुत्रं जाडजूड झालेलं होतं. नाचून नाचून ते बायकोला उभं राहू देईना, म्हणून तिला ओट्यावरच बसवलं. मी चूल पेटवली, कशीबशी खिचडी केली. ताटं बाहेर आणली तर आत्या फडकं आणि तांब्या घेऊन नेहमीच्या वेळेला बांधावरून येत होती.

मी म्हणालो, ‘आत्या, आता कशाला तसदी? आम्ही आलो की.’

‘तुमी आलाय, दिसतंय मला,’ ती म्हणाली. ‘त्येला सांगितलंय का?’

बायको थोडी सरकली. आत्या तिच्या शेजारी बसली. आम्ही प्रार्थना केली तेव्हा ती गप्प होती. मग मी घास तोंडात घातला. कुत्र्यानं माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तोंड वळवून आत्याकडे बघत बसलं.

आत्याच्या ते लक्षात आलं. तिनं मुद्दाम सावकाश फडकं सोडलं. सावकाश भाकरी मोडली, मिरची मोडली, मीठ लावलं. कुत्र्याची शेपटी जमिनीवर आपटत होती.

‘आता कर म्हनावं ह्येला परारथना,’ ती माझ्या बायकोला म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. घास अजून तिच्या हातातच होता.