कुलूपबंद डिस्क

कपाशीचे ते वाईट दिवस होते. मुकुटबनच्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि नव्या संगणकाची जबाबदारीही माझ्याकडेच आली होती. त्या सुमारास शहरातली एक चित्रपट करणारी बाई आमच्या भागात वेचणीचं चित्रण करून गेली. वर्षभरानं तिची डीव्हीडी शाळेच्या पत्त्यावर आली. वेचणाऱ्या बाया येता-जाता फाटकाशी थांबून विचारायच्या, "आमचा पिच्चर कधी दाखवून राह्यल्या, मॅडम?"

गावात व्हीसीडी प्लेअर होते, त्यांवर ती चालेना. शाळेच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती. तिथे नुसता काळा पडदा. यवतमाळच्या नेट कॅफेत शोधलं तेव्हा कळलं, की अशा डिस्कवरची चित्रं सांकेतिक करून ठेवतात आणि कंपन्यांनी मान्यता दिलेल्या प्लेअरवरच ती उलगडतात. कुणीतरी ते कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर लिहून फुकट ठेवलं होतं. त्यावरून परदेशात कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. मी ते सीडीवर घेऊन आले.

आमचे विज्ञानाचे सर अडून बसले. "मॅडम, शाळेच्या मशीनवर हे टाकू नका. कुलूप तोडनं म्हंजे तोडनंच."

"डिस्क आपल्याला भेट आली आहे, सर. मी कॉप्या विकणार नाही, फक्त लावणार आहे."

"ज्यानं बनवलं त्याचा हक्क असते ना? उद्या पोरंही हेच शिकतीन."

त्यांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नव्हतं. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी त्या चित्रपटवाल्या बाईला फोन लावला. डिस्कवर कुलूप आहे हेच तिला माहीत नव्हतं. डिस्क छापणाऱ्यानं ते परस्पर घातलं होतं. "खुशाल दाखवा," ती म्हणाली.

सरांचं तरी समाधान होईना. ते स्वतः वणीला मान्यतेचा डीव्हीडी प्लेअर भाड्यानं आणायला गेले. लग्नसराईत सगळे प्लेअर आधीच भाड्यानं गेलेले. रिकाम्या हातानं परतले.

शनिवारी दुपारी मी सॉफ्टवेअर टाकलं. बाया सतरंजीवर बसल्या, सर दाराशी उभे. स्वतःला पाहून त्या हसत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या. मग बैलगाडीत कापूस भरणारा एक माणूस दिसला आणि बाया पुढे बसलेल्या एकीकडे वळल्या. तो तिचा नवरा. पावसाळ्यात तापानं गेला होता. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"जरा मांगं घेता का?" ती म्हणाली.

मला ते पटकन जमेना. सर पुढे आले, माउस हातात घेतला आणि चित्र मागे नेलं. तिनं पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा नेलं.

सोमवारी स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "माझं मत बदललं नाही, मॅडम."

"नका बदलू."

ते वह्या तपासायला बसले. मग म्हणाले, "त्या गाडीवाल्या चित्राचा फोटो निघन का? तिले देता येईन."

वणीच्या स्टुडिओत आम्ही तो छापून घेतला. जरा धूसर आला, पण चेहरा ओळखू येत होता.