मशीनभाऊंची परात

कागद चांगला, यंत्र चांगले. तरीही तो वारंवार एकाच जागी का अडकतो? लोणावळ्याच्या आमच्या शाळेत मी मुख्याध्यापक असताना हा प्रश्न मला पडला आणि मशीनभाऊंनी त्याचे उत्तर शोधले. उत्तर मिळाल्यावर मन निश्चिंत व्हायला हवे होते. ते अजून झालेले नाही.

मशीनभाऊ वडिवळ्याचे. घरची भातशेती सांभाळून ते कामशेतपासून खंडाळ्यापर्यंतच्या कचेऱ्यांतली छायाप्रत यंत्रे दुरुस्त करत. त्यांची एक लकब प्रथम डोळ्यांत भरे. यंत्रातून ओढून काढलेला अडकलेला कागद ते कधी टाकून देत नसत. मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करत, कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालत आणि पिशवीत ठेवत. "टाकायचा न्हाई, गुरुजी," ते म्हणत, "कुटं दुखतंय ते ह्योच सांगतुया."

आमचे यंत्र मागच्या खोलीत, कार्यालयात होते. त्याच्या डाव्या अंगाला फिनिशर जोडलेला होता. छापलेली पाने गोळा करायची, कडा जुळवायच्या आणि पिन मारायची, हे त्याचे काम. फिनिशर स्वतःच्या पायांवर उभा असतो आणि मुख्य यंत्राला केवळ एका कडीने जोडलेला असतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. प्रश्नपत्रिकेचे पान यंत्रातून नीट बाहेर येई आणि फिनिशरच्या तोंडाशी अडकून बसे.

"एका टायमाला एकच बदल करायचा," हे भाऊंचे दुसरे वचन. "दोन केलं तर गुण कुनाचा त्ये कळत न्हाई." लोणावळ्याचे धुके कागदात शिरते, म्हणून त्यांनी आधी कागदाचे गठ्ठे लोखंडी कपाटात हलवले. आठ दिवस वाट पाहिली. कागद अडकलाच. मग आत पडलेले पिनांचे तुकडे काढले. पुन्हा आठ दिवस. मग रबरी रूळ पुसले. पुन्हा आठ दिवस. माझ्यातल्या शिक्षकाला ही पद्धत फार आवडली होती, हे कबूल करतो. त्या नादात किती दिवस जात आहेत, याकडे माझे लक्ष नव्हते.

एके दिवशी त्यांनी पिशवीतले सगळे कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. प्रत्येकाचा तोच कोपरा दुमडलेला होता. पहिल्याची दुमड नखाएवढी, शेवटच्याची दोन बोटांची. फिनिशर भिंतीच्या बाजूला किंचित खाली गेला होता. भाऊंनी त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा सारला आणि यंत्र सुरळीत चालू लागले. महिन्याभराने दुसरा तुकडा लागला, नंतर तिसरा.

चौथ्या खेपेला भाऊ वाकून बघतात तो तिथे आधीच चार तुकडे.

"ह्यो चौथा कुनी घातला?"

"मीच," आमच्या लेखनिकबाई कौतुकाने म्हणाल्या. "जुन्या हजेरीपत्रकाचा पुठ्ठा कापला. तुमचंच बघून शिकले, भाऊ. आता तुम्हाला कोण बोलावतंय?"

भाऊ एरवी अशा थट्टेला हसत. त्या दिवशी हसले नाहीत. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सपाट बुडाची मोठी परात मागितली.

"मशीनला आंगूळ घालताय व्हय, भाऊ?" स्वयंपाकाच्या मावशींनी विचारले.

"न्हाई, मावशी. जिमिनीला पाणी दावतो जरा."

त्यांनी आधी परात पुढच्या खोलीत ठेवून तांब्याभर पाणी ओतले. पाणी सगळीकडे सारखे पसरले. मग तीच परात, तेवढेच पाणी, मागच्या खोलीत. पाणी भिंतीकडे जमले आणि दाराकडचे वीतभर बूड कोरडे राहिले.

"खाचरात एका कडंला पाणी तुंबलं आन् दुसरी कड उघडी पडली, तर भाताला बोल लावत न्हाईत, गुरुजी. बांध बघत्यात."

आम्ही इमारतीमागे गेलो. ती खोली उतारावर भराव टाकून बांधलेली आहे. जोत्यापाशी माती भिंतीपासून सुटली होती. त्या फटीत भाऊंनी बोट घालून पाहिले, मग पंजा. तो मनगटापर्यंत आत गेला.

"पयला पुठ्ठा म्याच घातला," परत येताना ते म्हणाले. "मशीन वरडत हुतं. आपन त्येच्या तोंडात बोळा कोंबला."

दुसऱ्या दिवशी सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर होता. मी म्हणालो, "भाऊ, उद्याच्या प्रश्नपत्रिका तेवढ्या काढून द्या."

"दितो. पर परवापास्नं हितं कुनी बसायचं न्हाई, आसं लिवून द्या. तवर कडी लावत न्हाई."

फिनिशरची सोडवलेली कडी हातात धरून ते उभे राहिले. मी आदेश लिहिला, सही केली, आणि मगच त्यांनी कडी लावली. परीक्षा होताच कार्यालय पुढच्या खोलीत आले. तिथे एकाही पुठ्ठ्याशिवाय त्या यंत्राने कागद अडकवला नाही.

बांधकामातल्या एका जाणकाराने मागच्या खोलीच्या भिंतीवर टिचक्या मारल्या आणि भेगा किरकोळ ठरवल्या. तरी तिला लावलेले कुलूप मी काढले नाही. दरवर्षी दिवाळीआधी भाऊ येत, फरशीवरच्या त्यांच्या खुणेवर परात ठेवत, तांब्या ओतत आणि पाण्याची कड जिथे संपे तिथे स्क्रू ड्रायव्हरने बारीक रेघ ओढत. परातीत अशा पाच रेघा आहेत. प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा भिंतीच्या जवळ. शेवटच्या वर्षी एवढेच म्हणाले, "जिमीन सावकास चाललीया. म्हंजी थांबल्याली न्हाई."

मी निवृत्त झालो. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. तेराव्याला वडिवळ्यास गेलो, तेव्हा त्यांच्या सुनेने एक पिशवी माझ्या हाती दिली. आत आमचे अडकलेले कागद होते, तारखेप्रमाणे लावलेले.

आता त्या खोलीच्या भेगा बुजवल्या आहेत, रंग दिला आहे. येत्या जूनपासून तिथे पाचवीचा वर्ग बसणार आहे, बाके आलीसुद्धा. "इतकी वर्षं उभीच आहे की, सर," असे मला हसून सांगण्यात आले. गेल्या आठवड्यात किल्ली मागून घेतली आणि बाके सरकवून परात ठेवली. पाण्याची कड पाचव्या रेघेच्या चार बोटे पुढे, भिंतीकडे गेली होती.

हे मी सांगतो म्हणून मानू नये; भाऊंनाही ते चालले नसते. परात शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. शाळेचे नाव कोरलेली बाजू भिंतीकडे करून ती फरशीवरच्या खुणेवर ठेवावी, एक तांब्या पाणी ओतावे आणि कड कुठे थांबते ते पाहावे. पाचवीच्या पालकांना माझी विनंती आहे: जूनच्या आत, कृपया स्वतः तपासून पाहा.