पाण्याखालच्या बाईचं बोलणं

आमच्या किनाऱ्यावरची बस वीस वर्षं शिनोबू कुरियागावा चालवते. मुलगी चांगली, पण तोंडाने फटकळ. तिचे वडील तेत्सुजो म्हाकूळ पकडणाऱ्या बोटीवर मासेमारीला जायचे. आता पंच्याऐंशीचे आहेत, आणि शब्द खर्चायला अजूनही तयार नसतात. मी शेजारीच राहतो, जुने टीव्ही दुरुस्त करतो.

गेल्या वसंतात माळा आवरताना शिनोबूला लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. डबा घेऊन ती माझ्याकडे आली.
"काका, चालेल का हो हा?"
मी तारा बदलल्या, कॅसेट पुसली आणि माझा एक जुना फुगीर टीव्ही तिच्या घरी नेऊन जोडून दिला.

गेम तसा विचित्रच. धुक्यात बुडालेलं गाव, त्यात तुम्ही पोस्टमन. लढाई नाही, शत्रू नाही. पत्रं वाटत हिंडायचं. एक माणूस घड्याळ होऊन भिंतीवर बसलेला, एक घर रोज जागा बदलणारं. विहिरीत उतरलं की समुद्राचा तळ लागायचा आणि तिथे पाण्याखाली एक बाई कपडे वाळत घालत असायची. कुठलंही पत्र द्या, ती परत करायची आणि म्हणायची, "आज ऊन छान पडलंय." शिनोबू दहा वर्षांची असताना इथेच अडकली होती. महिनाभर डोकं फोडून तिने नाद सोडला.

बुधवार, तिच्या सुट्टीचा दिवस. जेवणं झाली होती, मीही तिथेच चहा घेत बसलो होतो. खिडकीतून ऊन चटईवर आलं होतं, आणि टीव्हीतलं ते निळं पाणी हळूहळू हलत होतं. शिनोबूने बाईला पत्र दिलं. बाईने ते परत केलं.
"झालं! माझी पन्नाशी आली तरी हिचं आपलं तेच."
मागून वडील म्हणाले, "पत्र देऊ नकोस. नुसतं बोल तिच्याशी. सात वेळा."
शिनोबूने मान वळवली. "तुम्हाला काय माहीत?"
"बोल तर खरं."

सहा वेळा बाई उन्हाबद्दलच बोलली. सातव्यांदा तिने हातातलं कापड खाली ठेवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: "दमला असशील. बस जरा." आणि तिने नावेची किल्ली पुढे केली.

"बाबा! कधी खेळलात तुम्ही हे?"
"पाय मोडला होता ना माझा, त्या हिवाळ्यात. तू शाळेत जायचीस. दिवसभर करणार काय?"
शिनोबूची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यातले वडील तिला आठवत होते ते भिंतीकडे तोंड करून पडलेले.
"मला सांगितलं का नाहीत? मी रडत होते इथे अडकून!"
"किल्ली घेतली की गाव सुटतं, ती बाई मागे राहते. तू लगेच पुढे गेली असतीस." त्यांनी पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं. "मी नाही गेलो. रोज पहिल्यापासून सुरू करायचो, सात वेळा बोलायचो आणि बंद करायचो. तेवढं ऐकलं की बरं वाटायचं."

शिनोबूने किल्ली अजून घेतली नव्हती.
मग वडीलच म्हणाले, "जा आता. बघू तरी पुढे काय आहे."

नाव धुक्यात शिरली. पडदा पांढरा झाला, बराच वेळ पांढराच राहिला. मग एकच शब्द आला: "पोहोचलास." आणि गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागली.
"एवढंच?" वडील म्हणाले.
"एवढंच."
"बरं झालं, नाही गेलो!" आणि ते हसायला लागले. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

हसता हसता त्यांनी बायकोची गोष्ट काढली. ती उकडलेली रताळी कपाटात लपवायची आणि विसरून जायची, मग घरभर वास सुटायचा. शिनोबूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "कुठल्या कपाटात? या?" ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. टीव्ही तसाच चालू होता.