संत्र्यांच्या ट्रकमधून रॉक ऐकायला

नागपूरहून हैदराबादला जायचं असेल तर आता झकास चौपदरी रस्ता आहे. सकाळी निघा, दुपार कलताना बिर्याणी खा. आम्ही गेलो ते ऐंशीच्या दशकात, संत्र्यांच्या ट्रकमध्ये बसून, आणि तेही रॉक ऐकायला. तुमच्यापैकी कुणी चाळिशीला टेकून असल्या कार्यक्रमाला जाऊ की नको असा विचार करत असेल, तर हे वाचा आणि मग ठरवा.

आधी पार्श्वभूमी. माझं बालपण नागपुरातच, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. शेजारच्या घरातले तिघे भाऊ व्हरांड्यात ड्रम आणि गिटार बडवायचे आणि मी मांडीवर भूगोलाचं पुस्तक घेऊन कुंपणाच्या अलीकडे बसायचे. पुढे ते तिघे परदेशी गेले, भूगोल मला पोटापाण्याला उपयोगी पडला, पण ते संगीत अंगातून गेलं नाही. कॅसेट लावून माझं भागत नाही. समोर उभं राहून ऐकायचं, ड्रमचा ठोका पोटात बसायला हवा. लग्न झालं, दोन मुलं झाली, आमच्या सदर भागातल्या शाळेत मी ‘बाई’ झाले, तरी कुठल्याही कॉलेजच्या गॅदरिंगला बँड आला की मी हजर. “काकू, पोराले शोधून राहिल्या काय?” असं मुलं अदबीनं विचारायची. मी “हो” म्हणायचे आणि सरकत सरकत थेट स्टेजपाशी पोचायचे.

एकदा माझ्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मला तिथं उड्या मारताना पाहिलं. दोन दिवसांत बातमी भाजीबाजार फिरून घरी आली आणि सासूबाईंनी कोर्ट भरवलं.

“चाळिशी आली वं बाई! अजून किती दिवस उड्या मारून राहशील? लोकं मले विचारतात, तुमच्या सुनेच्या अंगात येते काय म्हणून.”

माझे यजमान दिवाकरराव यांनी तोडगा काढला. त्यांचा काटोलला संत्र्यांचा बगीचा. आंबिया बहाराचा, म्हणजे थंडीच्या सुरुवातीला निघणारा माल ट्रकनं हैदराबादच्या मंडीत जायचा आणि तो विकायला ते स्वतः सोबत जायचे. नेमका त्याच सुमारास, शेजारच्या सिकंदराबादला, एका कॉलेजच्या मैदानावर बंगळूरचा एक बँड येणार असल्याचं मला मैत्रिणीकडून कळलं होतं. त्या बँडला समोर ऐकायची मी कित्येक वर्षं वाट पाहत होते.

“मी नेतो तिले,” दिवाकरराव आईला म्हणाले. “एकदा पोटभर ऐकू दे. मंग बंद.”

“पोटभर ऐकलं का मंग कायमचं बंद. कबूल हाय काय वं?” सासूबाईंनी मला विचारलं.

मी कबूल म्हटलं. त्या बँडसाठी मी तेव्हा काहीही कबूल केलं असतं. पण मनातून धास्तावलेच. आयुष्यातलं शेवटचं गाणं ऐकायला जायचं म्हणजे काय, हे नीट कळायच्या आत सामान बांधून झालं होतं.

काटोलहून भरून आलेला ट्रक शनिवारी पहाटे सदरच्या कोपऱ्यावर थांबला. ड्रायव्हर सुखदेवभाऊ, मध्ये दिवाकरराव, खिडकीशी मी. ट्रकनं जाणार असाल तर खिडकी सोडू नका. मधल्या माणसाच्या मांडीला इंजिनाचा चटका बसतो. मागे पेट्यांमध्ये भाताच्या तणसात गुंडाळलेली संत्री होती आणि त्यांचा वास सगळ्या प्रवासभर आमच्या कपड्यांना होता. थंडी बेताची. बुटीबोरीनंतर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्येच एखादी बैलगाडी, आणि सुखदेवभाऊंचा हॉर्न. तो हॉर्न कुणी रस्त्यात असो नसो, वाजायचाच.

हिंगणघाटला ढाब्यावर थांबलो. झुणका, भाकरी, ठेचा. पोट भरलं आणि खिशाला कळलंही नाही. शेजारच्या बाजेवरच्या एका गृहस्थांनी चौकशी केली, “बाईमाणसाले घेऊन ट्रकनं कुठं निघाले गा भाऊ?”

रॉक ऐकायला निघालोय हे सांगायची दिवाकररावांना लाज वाटली. “दवाखान्यात,” ते म्हणाले.

“कशाचा दवाखाना?”

“डोक्याचा,” मीच सांगितलं.

त्या गृहस्थांनी ढाबेवाल्याला हाक मारून माझ्या ताटात दह्याची वाटी ठेवायला लावली. पुढच्या दोन ठिकाणीही दिवाकररावांनी तेच सांगितलं आणि दोन्हीकडे माझी उत्तम बडदास्त राहिली. एकट्यानं फिरणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरावी.

पैनगंगेचा पूल ओलांडला की तेव्हाचं आंध्र लागायचं. नाक्यावर ट्रकची रांग, कागद दाखवायचे, चहा प्यायचा, पुन्हा कागद दाखवायचे. आदिलाबाद मागे पडल्यावर निर्मलच्या घाटात सागाचं जंगल इतकं दाट होतं की सुखदेवभाऊसुद्धा हॉर्न विसरले. मी खिडकीबाहेर डोकं काढून मोठ्यानं गात होते. दिवाकररावांनी कानाला मफलर गुंडाळला. थंडीसाठी, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी सकाळी हैदराबादच्या मंडीत माल उतरला, लिलाव झाला, भाव बरा मिळाला. दिवाकरराव खुशीत होते आणि खुशीतला माणूस घाई करत नाही. मंडीजवळच्या लॉजवर आंघोळी झाल्या. इराणी हॉटेलात चहा झाला. मग त्यांना चारमिनार पाहायचा होता. मग आईसाठी लाखेच्या बांगड्या.

“कार्यक्रम चारले आहे हो,” मी म्हटलं.

“चार म्हणजे साडेपाच,” ते बांगड्या उन्हात धरून पाहत म्हणाले. “मी काय आजचा आहे काय?”

आता हे समजून घ्या. दिवाकरराव आमच्या मोहल्ल्याच्या गणेश मंडळाचे जुने पदाधिकारी. ऑर्केस्ट्रा आणायचा तो यांनीच. आमच्याकडे कार्यक्रम म्हणजे आधी ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’. मग पाहुण्यांची वाट पाहणं. मग दीपप्रज्वलन, हार, शाल, नारळ, प्रास्ताविक, नगरसेवकांचं दोन शब्द म्हणून सुरू झालेलं भाषण. त्यातून वाचलेल्या वेळात गाणी. वेळेवर जाणारा माणूस आमच्याकडे खुर्च्या लावायला सापडतो. त्यामुळे त्यांना घाई करवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगायचं तर माझाही अनुभव काही वेगळा नव्हता, म्हणून मी एकदा सांगून गप्प बसले. शिवाय बँडच्या सत्कारासाठी त्यांनी निवडक संत्र्यांची एक पिशवी बाजूला काढून ठेवली होती. पाहुणा कलाकार रिकाम्या हातानं परत जाणं त्यांना पटत नाही.

रिक्षा कॉलेजच्या रस्त्याला वळली आणि मी कान टवकारले. ड्रम वाजत होते. माइक टेस्टिंगला कुणी असे वाजवत नाही.

मी धावत सुटले. मागून दिवाकरराव, पिशवी सांभाळत. फाटकावरच्या स्वयंसेवकाला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सत्कार हो गया क्या?”

“किसका सत्कार, अंकल?” तो मुलगा म्हणाला. “चार बजे शुरू हुआ. अब आखरी गाना चल रा.”

प्राचार्यांनी अंधार पडायच्या आत मैदान रिकामं करायची अट घातली होती आणि ही मुलं ती अक्षरशः पाळत होती. असले शिस्तीचे लोक मी त्याआधी पाहिले नव्हते आणि त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

पण रागवायला वेळ कुठं होता? अर्धं गाणं उरलं होतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि गर्दीत घुसले. पोरांनी वाट दिली, बहुधा मुलगा हरवला असं समजून. अगदी स्टेजपुढे जाऊन उभी राहिले आणि बेस गिटारचा तो जाड आवाज बरगड्यांतून आरपार गेला. गाणारा उंच, शिडशिडीत मुलगा घामानं निथळत होता. मी मनसोक्त उड्या मारल्या. पदर खोचलेला, चपला हवेत. मी रडत होते आणि ओरडतही होते. मग गिटार एकदा कळवळून थांबली आणि संपलं.

लोक निघायला लागले. तेवढ्यात पाहते तो दिवाकरराव स्टेजवर! सत्काराशिवाय कार्यक्रम संपतो हे त्यांच्या जिवाला सहनच होईना. त्यांनी बँडच्या चौघांना ओळीत उभं केलं, प्रत्येकाच्या ओंजळीत संत्री दिली, नमस्कार केला आणि माइकवर म्हणाले, “हमारी मिसेस नागपूर से आई है. थोडा और बजाओ.”

पोरं “अंकल! अंकल!” असं ओरडायला लागली. त्या चौघांनी हसत हसत गिटारी पुन्हा गळ्यात अडकवल्या. आणि वीज गेली. गेली कसली, प्राचार्यांनी बंद करायला लावली होती.

ड्रमला वीज लागत नाही. ड्रमवाल्यानं संत्री बाजूला ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि काड्या उचलल्या. जेमतेम मिनिटभर वाजवलं असेल. त्यात माझं अजनीचं सगळं लहानपण येऊन गेलं. मग प्राचार्य स्वतःच येताना दिसले आणि आम्ही सटकलो.

परतीच्या ट्रकमध्ये सुक्या लाल मिरच्या भरल्या होत्या. मिरच्यांचा ट्रक कुणी देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणा. सुखदेवभाऊ शिंकत होते, दिवाकरराव शिंकत होते, आणि माझे डोळे निर्मलपासून नागपूरपर्यंत वाहत होते. ते मिरच्यांमुळे की कशामुळे, हे कुणी विचारलं नाही. मी शब्द दिला होता. तो असा अर्ध्या गाण्यावर खर्च झाला, याचं मला फार दुःख होत होतं. भांडले असते तर बरं वाटलं असतं. पण दिवाकररावांचा चेहरा इतका उतरला होता की भांडवेना.

पैनगंगेच्या पुलावर ते म्हणाले, “तू तिथं नाचत होती ना, तवा मी स्टेजवरून पाहून राहिलो होतो.” एवढंच. पुढे शिंक आली.

सदरला पोचलो तर सासूबाई दारात. बांगड्या हातात चढवून पाहिल्या, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, “झालं काय गा तिचं पोटभर ऐकून?”

माझ्या यजमानांना आईशी खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक.

“नाही वं माय,” ते म्हणाले. “अर्धंच गाणं भेटलं. बाकीचं राहूनच गेलं.”

सासूबाई विचारात पडल्या. “मंग पोट कसं भरन? पुढच्या खेपेले वेळेवर जाजो.”

पुढच्या खेपेला आम्ही कलकत्त्याला गेलो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं. त्यानंतर बंगळूर झालं, पुणे झालं, शिलाँगही झालं. परत आल्यावर सासूबाई दरवेळी तेच विचारायच्या आणि आईशी कधी खोटं न बोलणारा हा माणूस दरवेळी चप्पल काढता काढता सांगायचा, “नाही वं माय, अजून थोडं बाकी आहे.”