राज्याची वेस, देशाचं दार

मी सिंगापूरला निघाले तेव्हा गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर आई दारापर्यंतच आली. पुढे तिकीटवाल्यांनाच सोडतात हे तिला पटेना. "मी काय थंय रव्हूक जातंय? चेडवाक बसवतंय आणि येतंय," असं ती माझ्याकडे बोट दाखवून बंदूकवाल्या शिपायाला सांगत होती. तो हसला, पण सोडलं नाही.

त्याआधी मी एकदाच घर सोडलं होतं. आठवीनंतर शाळा सुटली आणि पुढे पणजीला हॉटेलच्या किचनमध्ये लागले. ते वेगळं राज्य. पण येताना नाक्यावर पोलीस दारूच्या बाटल्या शोधायचे, माणसाला कुणी काही विचारत नसे. चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी आली की सकाळची एसटी धरायची, नैवेद्याला घरी. आमच्या सावंतवाडीकडे घाट चढला की 'देश' लागतो. त्यामुळे आईच्या लेखी कोल्हापूर देश आणि सिंगापूरही देशच. "देशावरची माणसां चवथीक येतत. तू कित्याक येणस नाय?"

काय सांगू तिला? मी इथे सिंगापुरात, पुंगोल नावाच्या भागात एका पुणेकर कुटुंबात घरकामाला आहे. ताई मला जेवायला शेजारी बसवतात, हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. परवा त्यांची लेक ईरा चित्र काढत होती. "मावशी, महाराष्ट्र फ्लॅग व्हॉट कलर?" भगवा म्हणणार होते, पण थांबले. "राज्याला झेंडा नसतो गं. पासपोर्टपण नसतो."

"नो फ्लॅग, देन नॉट कंट्री लाह!" इथल्या मुलांच्या इंग्रजीला शेवटी 'लाह' लागतंच.

हा अख्खा देश आमच्या जिल्ह्यात मावेल, पण दार त्याच्या हातात. पणजीत काम गेलं असतं तर दुसरं किचन बघितलं असतं. इथे वर्क परमिट संपलं की सामान बांधायचं.

माझं यंदा चवथीच्या आधीच संपत होतं. ताईंनी पुढचा अर्ज केला. नाही मिळालं तर घर कशावर चालणार? मिळालं तर पुन्हा चवथ नाही. तुमच्यातले जे बाहेर आहेत त्यांना कळेल, दोन्ही नवस एकाच तोंडाने बोलता येत नाहीत.

बुधवारी ताईंचा ऑफिसातून फोन आला, "झालं गं! दोन वर्षं!" देवाला हात जोडले आणि आईला फोन लावला. "आये, सरकारान आणखी दोन वर्सां रवाक दिल्यान."

तिच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या. ती म्हणाली, "दोन वर्सां? आणि माका कोणी इचारूक नाय?"

खरंच. ठसे माझे घेतले, सही ताईंची घेतली. जिला विचारल्याशिवाय मी कधी शेजारच्या वाडीतही गेले नव्हते, ती तेवढी विचारायची राहिली.